उन्हावर चरणारे यंत्र आणि आपल्या बागेतले गवत



गेल्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या एका वाडीवर गटाच्या सभेला गेलो होतो. सभा आटोपली, चहा झाला, आणि घरधन्याने आपला फोन पुढे केला. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त स्वीडन देशात असतो. त्याने तिकडच्या घरामागच्या हिरवळीची चित्रफीत पाठवली होती. कासवाएवढे एक यंत्र त्या हिरवळीवर एकटेच फिरत होते. गुराखी नाही, दावे नाही, आवाजही जवळजवळ नाही. कडेला गेले की आपले आपण वळायचे आणि पुन्हा गवत कापीत पुढे जायचे. सगळी वाडी फोनभोवती गोळा झाली. पडवीत वाती वळीत बसलेल्या आजींनी मात्र एकच प्रश्न विचारला, "आणि ता खाता काय?"

त्यांच्या नातवाने फोनवरच उत्तर दिले, "ऊन खातं, आजी."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे चारा नाही, पेट्रोल नाही. पण शेणही नाही!"

सगळे हसले. मी मात्र घरी येईपर्यंत त्या बोलण्याचा विचार करीत होतो. कुठलेही यंत्र घ्यायचे तर ते काय खाते आणि मागे काय ठेवते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. आजींनी ते दोन्ही एका दमात विचारले होते. मी त्यात तिसरा घालतो: ते कुणाच्या हाताचे कष्ट वाचवते? या तीन प्रश्नांच्या आधाराने आज आपण गवत कापण्याच्या यंत्राचा विचार करू. ते यंत्र जसेच्या तसे आपल्या बागेत आणावे, असे मी सांगणार नाही. पण त्याच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट नक्की आहे.

हे यंत्र आले कोठून?

यंत्र येण्याआधी युरोपातल्या हवेल्यांपुढची हिरवळ माणसे लांब दांड्याच्या विळ्याने कापीत, नाहीतर तिथे मेंढ्या चरायला सोडीत. पुढे यंत्रे आली तरी मेंढ्या अगदीच हटल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या निवासस्थानासमोरच्या हिरवळीवर मेंढ्या चरत होत्या.

पहिले यंत्र १८३० साली इंग्लंडात झाले. एडविन बडिंग नावाचा एक कारागीर ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या स्ट्राउड गावाजवळ राहत होता. तो सारा भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. कापड विणून झाले की त्यावरची लव एकसारखी छाटण्यासाठी गोल फिरणाऱ्या पात्यांचे यंत्र असे. जे कापडाची लव छाटते ते जमिनीची लव का छाटणार नाही, असे बडिंगच्या मनात आले, आणि त्यातून ढकलत चालवायचे गवत कापणी यंत्र जन्माला आले. पुढे १९०२ साली इंग्लंडातल्या रॅन्सम कंपनीने त्याला पेट्रोलचे इंजिन जोडून विक्रीला आणले. तेव्हापासून गवत आणि पेट्रोल यांची जी गाठ पडली, ती शंभर वर्षे सुटली नाही.

ती सोडवण्याचा एक प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. तिथली हुस्कवार्ना ही कंपनी फार जुनी. १६८९ साली, म्हणजे ज्या साली छत्रपती संभाजी महाराजांचा अंत झाला त्याच साली, ती बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झाली. या कंपनीने १९९५ साली पाठीवर सौर पट्टे लावलेले, आपोआप फिरणारे गवत कापणी यंत्र बाजारात आणले. ऊन असेल तेव्हा ते चाले, ढग आले की थांबे. त्यानंतर आलेल्या यंत्रांत बॅटरी आहे आणि ती भरायला यंत्र आपले आपण ठाणावर परत जाते, गाय संध्याकाळी गोठ्याकडे वळते तसे. हद्द कळावी म्हणून जमिनीत एक तार पुरतात. तिच्यातून अगदी सौम्य वीजसंकेत वाहतो आणि तो लागला की यंत्र मागे फिरते. अलीकडच्या काही यंत्रांना तारही लागत नाही. ती उपग्रहाच्या संकेतावर किंवा कॅमेऱ्याच्या डोळ्याने वाट ओळखतात, आणि मालक फोनवरून त्यांना वेळ ठरवून देतो.

त्याच्या अंगात ताकद किती?

आता नीट लक्ष द्या. एवढ्या कौतुकाच्या या यंत्राला काम करताना वीज किती लागते? लहान यंत्राला एका जुन्या पिवळ्या दिव्याला लागे तितकीच. त्याची पाती म्हणजे दाढीच्या पात्यासारखे तीन-चार छोटे तुकडे. कमरेएवढ्या गवतात सोडले तर ते जागच्या जागी अडकून बसेल.

मग ते हिरवळ राखते कसे? ते रोज फिरते. गवत नखभर वाढले की तेवढेच छाटते. छाटलेले तुकडे इतके बारीक असतात की ते उचलावे लागत नाहीत. मुळांशी पडतात, कुजतात आणि त्यांतले नत्र जमिनीला परत मिळते. आजींनी विचारलेल्या शेणाचे काम काही अंशी हे कापलेले गवतच करते.

या यंत्राची खरी विद्या हीच. सौर पट्टे किंवा फोनवरची चालाखी हा वरचा भाग झाला. थोडे कापावे, वरचेवर कापावे आणि कापलेले जागेवरच ठेवावे. ज्याच्या अंगात बळ कमी, त्याने काम साचू देऊ नये, ही तर आपल्या घरातल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट आहे.

आपण नेमके उलट करतो. जून-जुलैमध्ये लावणीच्या गडबडीत बागेकडे फिरकत नाही. गवत छातीला लागते, दांडे जून होतात, बी धरते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदाच बेणणी काढायची, तीही मजूर मिळेनात म्हणून घाईघाईने. त्या जाड दांड्यांना मग दणकट पेट्रोल इंजिनच लागते, नाहीतर तणनाशक, नाहीतर काडी. आधी काम आपण साचू देतो, मग ते उपसायला मोठे हत्यार शोधतो.

पेट्रोलचा हिशेब

गेल्या काही वर्षांत कोकणातल्या वाड्यावाड्यांवर पेट्रोलचा ग्रास कटर आला. त्याने मोठी सोय झाली, हे मी नाकारीत नाही. मजुराच्या टंचाईत अनेकांच्या बागा त्यानेच वाचवल्या. पण त्याचा खर्च आणि त्रास दोन्ही मांडून पाहिले पाहिजेत.

साधारण यंत्र तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. पाऊण लिटर धरू. दिवसाचे चार तास खरे काम म्हणजे तीन लिटर. वर्षाकाठी पंधरा दिवस काम म्हणजे पंचेचाळीस लिटर. पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपये धरला तरी साडेचार हजार रुपये झाले, तेल आणि दुरुस्ती वेगळी. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन वायू हवेत जातो, म्हणजे वर्षाला शंभर किलोच्या वर.

पण मला जास्त काळजी वाटते ती यंत्र पाठीवर घेणाऱ्याची. यातली बरीच यंत्रे दोन-स्ट्रोक इंजिनाची असतात. त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते आणि त्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. मोटारगाडीचा धूर मागे राहतो. हा धूर मात्र चालवणाऱ्याच्या नाकाशीच असतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या हवा मंडळाने हिशेब केला आहे. तिथे धंद्यासाठी वापरले जाणारे पेट्रोलचे हिरवळ कापणी यंत्र एक तास चालले, तर धुरके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे होण्यासाठी नवी मोटारगाडी सुमारे ३०० मैल चालवावी लागेल. म्हणजे जवळजवळ मुंबईहून सावंतवाडीपर्यंत! त्या राज्याने २०२१ साली कायदा केला आणि २०२४ पासून अशी लहान पेट्रोल इंजिने असलेली नवी यंत्रे बनवून विकण्यावर बंधन घातले.

आवाजाचेही तेच. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज दिवसभर कानी पडत राहिला तर श्रवणशक्ती हळूहळू जाते. पेट्रोल यंत्राचा आवाज त्याच्या बराच वर असतो. आपली किती मुले कानाला काही न लावता हे काम करतात, ते तुम्हीच आठवून पाहा.

माझी एक चूक

तणनाशकाबद्दल बोलण्याआधी मला स्वतःबद्दल थोडे सांगितले पाहिजे.

बी. एस्सी. होऊन मी नव्यानेच नोकरीला लागलो होतो. बाग आरशासारखी स्वच्छ दिसली पाहिजे, असे माझ्या डोक्यात पक्के बसले होते. उतारावरच्या एका आंबा बागेत मी तणनाशकाची शिफारस केली. गवत पिवळे पडले, जमीन उघडी झाली, बाग सुरेख दिसू लागली. मी दोन-चार शेतकऱ्यांना ती दाखवायलाही नेले. पुढच्या जूनमध्ये पहिले दोन मोठे पाऊस झाले आणि तांबडी माती व्हाळात गेली. बागेचे मालक वयस्कर गृहस्थ होते. ते मला काही बोलले नाहीत. नुसते हाताला धरून एका कलमाशी घेऊन गेले आणि उघडी पडलेली मुळे दाखवली. "साहेब, तिने धरून ठेवली होती," एवढेच ते म्हणाले. 'तिने' म्हणजे हरळीने.

तो दिवस मी विसरलो नाही. त्या वीतभर मातीला तयार व्हायला किती काळ लागला असेल, आणि ती घालवायला माझी एक चिठ्ठी पुरली.

तणनाशक कधीच वापरू नये, असे मी म्हणत नाही. पण उताराच्या जमिनीवर सबंध बाग त्याने उघडी करणे हे मातीला दरवाजा उघडून देण्यासारखे आहे. शिवाय फवारणाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न असतो. ग्लायफोसेट हे तणनाशक माणसात 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली नोंदवले आहे. पॅराक्वाट पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. गवत कापले तर मुळे जमिनीत राहतात आणि माती धरून ठेवतात. म्हणून कापणी ही तणनाशकाहून बरी, आणि जाळण्याहून तर शतपटीने बरी.

गवत हा कचरा नव्हे

युरोपातल्या हिरवळीचे आणि आपल्या बागेचे गणित येथे वेगळे होते. तिकडे गवत ही शोभा. आपल्याकडे कापलेल्या गवताला तीन धनी असतात. पहिला गोठा: कोवळे, विषारी झाडे नसलेले गवत गुरांना जावे. दुसरा झाडाचे आळे. तिसरा धनी खतखड्डा.

हापूसवाल्यांनी तर आच्छादनाची गोष्ट गाठ बांधून ठेवावी. फळात साका होण्याचे एक कारण म्हणजे तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता. झाडाखाली गवताचे आच्छादन केल्यास किंवा जिवंत गवत राखल्यास साक्याचे प्रमाण कमी होते, असे कृषी संशोधनात दिसून आले आहे. ज्या गवताला आपण काडी लावतो, तेच गवत आपल्या पेटीचा भाव राखू शकते!

मात्र दोन पथ्ये पाळा. आच्छादन खोडाला चिकटवू नका, हातभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी आणि खोडकिडीला आयते घर मिळते. आणि वाळलेले आच्छादन म्हणजे वणव्याचे सरपण, हे विसरू नका. थंडी सरता सरता कातळावरचे गवत पेटते आणि वाऱ्याबरोबर आग आंबा-काजूच्या बागेत शिरते. वर्षानुवर्षे वाढवलेली कलमे एका दुपारी होरपळून जातात. म्हणून गवत पुरते वाळण्याआधी गडग्याच्या आतून-बाहेरून रुंद पट्टा कापून, झाडून साफ ठेवा. या जाळरेषेवर मात्र काडीही राहता कामा नये.

ऊन आणि गवत यांचा मेळ

आता सौरशक्तीकडे वळू. स्वीडनमध्ये हे यंत्र शोभते याचे एक कारण आहे. तिथे हिवाळाभर गवत वाढत नाही. ते वाढते उन्हाळ्यात, आणि जूनमध्ये स्टॉकहोमला दिवस साडेअठरा तासांचा असतो. जे ऊन गवत वाढवते तेच यंत्राला चालवते. दोघांचा मेळ आपोआप बसतो.

आपल्याकडे हा मेळ बसत नाही. आपले गवत जुलै-ऑगस्टात वाढते, आणि तेव्हाच आभाळ भरलेले असते. मे महिन्यात ऊन रग्गड, पण कापायला गवत नाही. "सौर यंत्र घ्या आणि निश्चिंत व्हा" असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारा.

यातून वाट काय? पट्टे यंत्राच्या पाठीवर नकोत, घराच्या छपरावर किंवा शेतात असू देत. यंत्र बॅटरीचे असावे, पाठीवर किंवा खांद्यावर अडकवायचे. हिशेब असा: बॅटरीच्या ग्रास कटरला सरासरी ५०० वॅट लागतात असे धरले, तर चार तासांना दोन युनिट वीज लागेल. सुमारे ५०० वॅटचे एक सौर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण दोन युनिट देते. पावसाळ्यात निम्मी किंवा त्याहूनही कमी. म्हणजे एका पॅनेलवर पावसाळी दिवसात चार तासांचे काम दोन-तीन दिवसांच्या उन्हावर होईल. घरावर किलोवॅट-दोन किलोवॅटचा संच असेल तर अडचणच नाही.

पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यात घरगुती संचाला १ किलोवॅटसाठी ३०,००० रुपये, २ किलोवॅटसाठी ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले. अशा संचाची जादा वीज वाहिनीत जाते आणि शिल्लक युनिट आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत पुढच्या महिन्यांच्या खाती जमा राहतात. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हाची शिल्लक जुलैच्या गवतासाठी वापरता येते! न बसणारा मेळ असा बसवता येतो. सध्याच्या अटी आणि दर मात्र वीज कार्यालयात विचारूनच पाऊल टाका. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. वाहिनीला जोडलेला साधा संच वाहिनीची वीज गेली की सुरक्षेसाठी बंद पडतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती जाते ते मी सांगायला नको. म्हणून वीज असेल तेव्हाच बॅटऱ्या भरून ठेवाव्यात.

ज्यांच्याकडे सौर कृषिपंप आहे, त्यांच्या बाबतीत आणखी एक विचार. पावसाळ्यात पंप बंद असतो आणि पट्टे रिकामे बसून असतात. कुसुम योजनेच्या मार्गदर्शनात अशी सोय आहे की, विशिष्ट प्रकारचा नियंत्रक बसवला तर याच पट्ट्यांवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की किंवा बॅटरी भरण्याचे यंत्र चालवता येते. आपल्या पंपाला असा नियंत्रक आहे का, हे पुरवठादाराला विचारा. पण स्वतः तारा सोडून जोडणी करण्याच्या फंदात पडू नका. त्या पट्ट्यांतला विजेचा दाब जिवावर बेतणारा असतो आणि हमीही रद्द होते.

एक कबुली देतो. बॅटरी साध्या वाहिनीवर भरली तर यंत्र चालवणाऱ्याच्या नाकाशी धूर राहत नाही हे खरे, पण महाराष्ट्रातली पुष्कळशी वीज अजून कोळशावर होते. धूर आपल्या बागेतून उठून औष्णिक केंद्राच्या धुराड्यावर जातो. यंत्र खऱ्या अर्थाने स्वच्छ होते ते उन्हावर भरले तरच.

दोरी ओढावी लागत नाही ना?

त्याच वाडीवर सभा संपताना बचत गटाच्या एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, त्या बॅटरीवाल्याची दोरी ओढायला लागत नाही ना?"

मला आधी प्रश्न कळला नाही. मग उलगडा झाला. पिढ्यान् पिढ्या गवत कापले ते बायकांनी, विळ्याने, वाकून. पेट्रोलचा ग्रास कटर आला आणि तो पुरुषांच्या हाती गेला, कारण तो जड, थरथरणारा आणि सुरू करताना दोरीला हिसका द्यावा लागणारा. यंत्राने काम सोपे केले, पण त्या ताईंची गवत कापण्याची रोजी गेली. घरच्या वैरणीसाठीचा विळा तेवढा हातात राहिला.

बॅटरीच्या यंत्राला दोरी नसते. कळ दाबली की चालू. ते बहुधा हलके असते, थरथर कमी. हात गवतापासून दूर राहतो. फुरसे आणि घोणस गवतात दबा धरून बसलेले असताना ही गोष्ट लहान नाही. विळा धरलेल्या हाताला किंवा अनवाणी पायाला झालेला दंश कोकणात कुणाला नवा नाही. तेव्हा गटाने मिळून एक यंत्र आणि तीन-चार बॅटऱ्या घेतल्या, तर आजूबाजूच्या बागांची बेणणी ठरवून घेता येईल. गेलेली रोजी परत येईल, तीही पूर्वीपेक्षा चांगल्या दराने. त्यांनी हा विचार गटापुढे ठेवला आहे. तुमच्या गावातही ठेवून पाहा. कृषी यांत्रिकीकरण आणि अवजारे बँकेच्या योजनांत कोणती यंत्रे बसतात, याची यादी आपल्या कृषी साहाय्यकाकडून किंवा महाडीबीटी संकेतस्थळावरून बघून घ्यावी.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

१. बॅटरीचे यंत्र कोवळ्या गवताचे आहे. जून झालेली झुडपे आणि रान वाढलेली पड जमीन त्याच्या आवाक्याबाहेरची. तिथे पहिल्या सफाईला पेट्रोल यंत्र भाड्याने आणा, पुढची राखण बॅटरीवर करा.

२. गवत गुडघ्याला लागण्याआधी पहिली कापणी करा. साधारण जुलैच्या सुरुवातीला पहिली, ऑगस्टच्या मध्याला दुसरी, बी धरण्याआधी सप्टेंबरअखेर तिसरी. चौथी फक्त जाळरेषेची.

३. बुडख्यापासून खरवडू नका. उतारावर चार बोटे गवत राहू द्या, ते माती धरते.

४. गाजर गवत कापून भागत नाही, पुन्हा फुटते. हातमोजे घालून फुलोऱ्याआधी मुळासकट उपटा आणि गुरांच्या वैरणीत जाऊ देऊ नका.

५. एक बॅटरी पुरणार नाही. यंत्रासोबतची बॅटरी किती वॅट-तासांची ते विचारा. २०० वॅट-तासांची असेल तर पाऊण तासाच्या आतच संपेल. दुकानात न बघता, आपल्या बागेत चालवून बघूनच व्यवहार करा.

६. बॅटरीची किंमत आणि ती जवळपास मिळते का, हे आधी विचारा. काही वर्षांनी ती बदलावी लागते. पेट्रोलचे वाचलेले पैसे त्यासाठी बाजूला ठेवत चला, नाहीतर हिशेब फसेल.

७. बॅटरी उन्हात, चुलीजवळ किंवा पेंढ्याच्या माचाखाली ठेवू नका. फुगलेली, आपटलेली बॅटरी भरू नका. काम नसलेल्या महिन्यांत अर्धी भरून कोरड्या जागी ठेवा.

८. डोळ्यांना चष्मा, पायांत उंच बूट, अंगात जाड कपडे. जांभ्याचा खडा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. यंत्राचा आवाज कमी असल्यामुळे लहान मुले आणि कोंबड्या जवळ येतात. काम चालू असताना त्यांना लांब ठेवा.

आणि ते आपोआप फिरणारे?

त्याचेही सांगतो. ते सपाट, दगड नसलेल्या, कुंपणातल्या हिरवळीचे यंत्र आहे. कृषी पर्यटन केंद्रापुढची हिरवळ किंवा एखाद्या संस्थेचे बंदिस्त आवार असेल आणि परवडत असेल, तर विचार करावा. पायऱ्यापायऱ्यांची कलमबाग, कातळ आणि आपला पाऊस त्याला झेपणार नाही. शिवाय त्याच्या देशातही त्याच्याबद्दल तक्रार आहे. ते रात्री मुकाट्याने फिरते, आणि साळू हा लहानसा काटेरी प्राणी भीतीने पळत नाही, अंगाचा गोळा करून बसतो. अशा कित्येक प्राण्यांना जखमा होऊ लागल्या. म्हणून जर्मनीतल्या कोलोन शहराने २०२४ साली अशी यंत्रे रात्री चालवण्यास मनाई केली. यंत्र कितीही हुशार असले तरी माणसाची नजर त्याच्यावर लागतेच.

तेव्हा बंधु-भगिनींनो, परदेशातले यंत्र पाहून हुरळूनही जाऊ नका आणि "ती श्रीमंतांची खेळणी" म्हणून हसण्यावारीही नेऊ नका. त्याची सवय तेवढी उचला. यंदा बॅटरीचे यंत्र घेतले नाही तरी चालेल, पण पहिली बेणणी महिनाभर आधी करून पाहा. हातातल्या विळ्यालाही ती हलकी जाईल. कापलेले गवत जाळू नका, आळ्यात घाला. पुढच्या वर्षी गटात बसून यंत्राचा हिशेब मांडा.

त्या वाडीवरच्या आजी परवा बाजारात भेटल्या. "तुझा ऊन खाणारा आणलास काय रे?" म्हणून त्यांनी विचारले. "अजून नाही, आजी," मी म्हटले. "पण तुमच्या बागेत गवत कधी कापणार?"

त्या म्हणाल्या, "कापून झाला. गोठ्यात पण गेला नि आळ्यात पण गेला."

म्हणजे यंत्र येण्याआधीच त्यांचे अर्धे काम झाले होते.